सरदाराची उत्तरपूजा

१

मुलीच्या घरी सहा महिने राहायचं म्हणजे काय, हे मोरेश्वररावांना आठ दिवसांतच कळून चुकलं. साडेसातला जावई संग्राम गाडी काढायचा, आठला मुलगी प्रतिमा. गॅरेजचं दार खडखडत खाली आलं की ओहायोतल्या डब्लिन गावातल्या त्या घरात दोनच माणसं उरायची: एकाहत्तर वर्षांचे मोरेश्वरराव आणि त्यांची नऊ वर्षांची नात केया. पायी जाण्यासारखं आसपास काही नव्हतं. मग चहा, दोन बिस्किटं, मोबाइलवर पुण्याचं वर्तमानपत्र उघडून त्यातल्या प्रत्येकाची अक्कल काढणं, आणि दुपारी नातीला घेऊन बेसमेंटमध्ये बसणं, कारण तिथे गार असायचं. शाळेला सुट्टी होती. आजोबा येतच आहेत तर समर कँप कशाला, असा घरच्यांनी विचार केला होता.

मोरेश्वररावांनी पुण्यातल्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. तर्कशास्त्राला पोरं यायची ती दुसरीकडे कुठेच प्रवेश न मिळालेली. समोर गाढवं बसलीयत या भावनेनंच त्यांनी छत्तीस वर्षं काढली, आणि पुढे ती सवय वर्गाबाहेरही तशीच राहिली. त्यांच्याऐवजी प्राचार्य झालेल्या गृहस्थाला ते 'तो कारकून' म्हणत. संग्राम हौसेनं बार्बेक्यू करायचा, त्याला 'करपलेलं' म्हणत. देवाला मात्र काहीच म्हणत नसत. नावं ठेवण्याइतकीही त्याची लायकी नाही, असं त्यांचं मत होतं.

गंमत अशी की त्यांचे वडील भिक्षुकी करायचे, आणि सगळ्या पूजा मोरेश्वररावांना लहानपणापासून तोंडपाठ होत्या. इथल्या मराठी मंडळींना हे कळायचाच अवकाश! शेजारची सुमेधा दुसऱ्याच आठवड्यात हजर. "काका, तुम्ही इथे असताना आम्ही यूट्यूब लावून सत्यनारायण करायचा का?" मोरेश्वररावांनी सोवळं नेसून पूजा सांगितली, शिरा खाल्ला, आणि घरी येऊन म्हणाले, "टेलिफोन डिरेक्टरी वाचली असती तरी यांनी हात जोडले असते."

चार वर्षांपूर्वी कोविडमध्ये त्यांची बायको शोभना गेली, आणि त्याच आजारात त्यांचं वास घेणं गेलं ते गेलंच. शोभनाबद्दल ते बोलत नसत. वासाबद्दल विचारलं तर म्हणत, "बरंच झालं. जगात वास घेण्यासारखं होतं काय?"

२

जुलैच्या शेवटच्या शनिवारी संग्रामनं आजोबा-नातीला एका इस्टेट सेलला नेलं. कुणी म्हातारं माणूस गेलं की इथले नातेवाईक त्याचं घर उघडं टाकतात, प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात आणि गावाला आत सोडतात.

"म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरात शिरून त्याचे चमचे उचलायचे," मोरेश्वरराव म्हणाले. "छान संस्कृती आहे तुमची."

"बाबा, चांगल्या वस्तू मिळतात हो," असं म्हणत संग्राम ड्रिल मशीन बघायला गॅरेजकडे सटकला.

केयाला झोपायच्या खोलीतल्या कपाटात, मोजे आणि रुमालांच्या मागे, वीतभर उंचीची एक पितळी मूर्ती सापडली. डोक्यावर मुकुट असलेला एक उघडा माणूस, पाठीला पंख, खाली सरपटणारं कसलं तरी जनावर आणि उजव्या हातात साप. डावा हात रिकामा, तळवा वर. तोंड उघडं. कारागिरी उत्तम होती, हे मोरेश्वररावांनाही नाकारता येईना. मूर्तीच्या गळ्यात दोऱ्यानं एक चांदीची अंगठी बांधलेली होती. चिठ्ठी मात्र कुठे लावलेली नव्हती.

घराच्या मयत मालकाची बहीण दाराशी टेबल टाकून बसली होती. तिनं मूर्तीला हात लावला नाही. "माझ्या भावाची. घेऊन जा, तशीच घेऊन जा," ती इंग्रजीत म्हणाली. मग मोरेश्वररावांना सोडून केयाकडे बघत तिनं स्वतःचं बोट नाकाखाली धरलं. "अंगठी जवळ ठेव हं, बाळ. त्याच्यापाशी बसलीस तर अशी धरायची."

बाईला सर्दी झाली असावी, असं मोरेश्वररावांना वाटलं.

गाडीत केयानं बापाच्या फोनवर मूर्तीच्या बैठकीवर कोरलेली अक्षरं शोधून काढली. "आजोबा, ही इज अ डीमन! अ‍ॅस्टारोथ. ग्रँड ड्यूक ऑफ हेल! ही हॅज फॉर्टी लीजन्स!"

"ड्यूक म्हणजे सरदार," मोरेश्वरराव म्हणाले. "म्हणजे नरकातही हुद्दे आहेत तर. वर राजा, मग सरदार, मग कारकून. विद्यापीठच झालं की!" स्वतःच्या विनोदावर ते मनसोक्त हसले. "चाळीस पलटणी हाताखाली, आणि स्वतः ओहायोत मोज्यांच्या कप्प्यात. वा रे सरदार!"

संग्रामही हसला. केया अंगठी बोटात घालून बघत होती. ती तिला फार सैल होत होती.

३

बुधवारी दुपारी बेसमेंटमध्ये विषय निघाला. "आजोबा, मॉम सेज की तुम्ही गणपतीमध्ये लाइफ पुट करता. इज दॅट रिअल?"

असा प्रश्न मोरेश्वरराव सोडतात थोडाच? "चल, प्रयोगच करू," ते म्हणाले. "मंत्र म्हटल्यानं देव येत असेल तर ज्याचं नाव घेऊ तो यायला हवा. या सरदाराचं नाव घेऊन कुणी आलं नाही, तर गणपतीचं नाव घेऊनही कुणी येत नाही. बरोबर? यात चूक दाखव."

केयाला चूक दाखवता आली नाही. नऊ वर्षांच्या पोरीवर मात केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

मूर्ती शेल्फवर होती, तिच्यासमोर टेबल टेनिसच्या टेबलावर ताट मांडलं. दूर्वांऐवजी लॉनमधलं गवत. मोरेश्वररावांनी काहीही कमी केलं नाही. टवाळी करायची तर ती व्यवस्थित करायची, हा त्यांचा बाणा. देशकालाचा उच्चार ओहायोसकट केला. मूर्तीच्या छातीला बोट लावून प्राणप्रतिष्ठा म्हटली. गवताच्या पात्याला तूप लावून तिचे डोळे उघडले. आसन द्यायच्या वेळी कोपऱ्यातल्या संग्रामच्या, पायाखाली फळकुट वर येणाऱ्या रिक्लायनर खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा, सरदार. पाय लांब करून बसा." नैवेद्याला केयाच्या डब्यातली कुकी ठेवली.

कुणी आलं नाही. एसी चालू होता. भिंतीपलीकडे पाणी उपसायचा पंप एकदा घुर्र करून थांबला.

"आलं कुणी?"

केयानं अंगठीचा हात नाकाशी नेला. "समथिंग स्टिंक्स, आजोबा."

"तूप जुनं असेल." तपासून बघायला त्यांच्यापाशी नाक नव्हतं.

"पण गणपती मग जातो कसा?"

मग त्यांनी तिला उत्तरपूजाही समजावली. मूर्तीच्या हातावर दही ठेवायचं, अक्षता टाकायच्या, 'पुनरागमनाय च' म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. पाहुण्याला 'परत या' म्हटल्याखेरीज निरोप द्यायचा नसतो, तसं करणं म्हणजे उद्धटपणा. केयानं ते दोन शब्द पाच-सहा वेळा घोकले, आणि तिचा उच्चार सुमेधापेक्षा स्वच्छ निघाला, याचं आजोबांना जरा कौतुकही वाटलं.

"शुडन्ट वी डू इट नाउ?"

"जो आलाच नाही त्याला निरोप कसला द्यायचा?" असं म्हणून मोरेश्वररावांनी ताट उचललं. मूर्ती तिथेच शेल्फवर राहिली.

४

ऑगस्टच्या मध्याला शाळा उघडली. दुपारी पावणेचारला पिवळी बस केयाला कोपऱ्यावर सोडायची. ती दप्तर टाकायची आणि थेट खाली जायची.

मोरेश्वररावांची खोली तळमजल्यावर होती आणि तिच्या जमिनीत बेसमेंटशी जोडलेल्या एसीच्या हवेची जाळी होती. एके दिवशी पुस्तक वाचताना जाळीतून केयाचं हसणं वर आलं. मग जरा शांतता, मग पुन्हा हसणं, आणि मध्ये 'हो?', 'मग?', 'खरंच?'. फोनवर बोलत असेल. पण तिचा टॅबलेट स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, हे त्यांनी येता-जाता पाहिलं होतं. पोरं खेळताना स्वतःशी बोलतात, यात काय एवढं?

आणि मग जाळीतून खाकरण्याचा आवाज आला. दोनदा खाकरणं आणि मागाहून एक छोटंसं 'हं'. छत्तीस वर्षं प्रत्येक तासाच्या सुरुवातीला मोरेश्वरराव अगदी असेच खाकरत आले होते. पोरं मागच्या बाकावरून त्याची नक्कल करायची.

पाइपातून आपलाच आवाज फिरून येत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आपण खाकरलोच नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते पुढचं पान उलटताना. त्यांनी ते पान तीनदा वाचलं.

त्याच आठवड्यात प्रतिमानं चाचरत विचारलं, "बाबा, रागावू नका हं. एकदा डेंटिस्टकडे जाऊन यायचं का? म्हणजे... घरात जरा वास येतोय. हल्ली येतोय."

मोरेश्वररावांचा पारा चढला. "माझ्या तोंडाला वास येतो म्हणतेस?"

"तसं नाही हो बाबा..." असं म्हणताना ती एक पाऊल मागे सरकली. ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते लागलं.

रात्रीच्या जेवणाला प्रतिमानं नेहमीसारखं विचारलं, "भाजी वाढू, केया?" आजवर या प्रश्नाला 'नो थँक्स' किंवा 'अ लिटल' एवढंच उत्तर यायचं. केया म्हणाली, "वाढ, पण बेताचीच. मीठ घालायचं राहून गेलंय, आणि ते तुला कढई उतरवतानाच ठाऊक होतं."

मग प्रतिमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ऐकलंस का संग्राम? पूर्ण वाक्य! मराठीच्या संडे स्कूलमध्ये चार वर्षं घालवली यार आपण! बाबा, हे तुमच्यामुळे. तुमच्याचमुळे!"

मोरेश्वररावांनी तिला असलं काही शिकवलं नव्हतं. पण ते हसले आणि श्रेय त्यांनी घेतलं. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायची त्यांची ती पहिलीच खेप होती असंही नाही.

५

सुमेधाकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. घरामागच्या लाकडी डेकवर तीस-पस्तीस मंडळी, दहीबुत्ती, छोले, पिझ्झा. केयाचं मराठी एव्हाना गावभर झालं होतं आणि जो तो तिला बोलतं करत होता.

"केया, शिरा कसा झालाय गं?" सुमेधानं लाडानं विचारलं.

"छान झालाय असं सगळे म्हणतायत, मावशी," केया शांतपणे म्हणाली. "घरी न्यायला डबा कोण मागतंय, तेवढं बघा."

जो हशा पिकला! बायकांनी टाळ्या दिल्या. काका मंडळी म्हणाली, "अरे, ही तर थेट पुण्याची!" सुमेधाही हसली, पण ताटली तिथेच ठेवून आत निघून गेली. मोरेश्वररावांनाही हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडलं. तो टोमणा त्यांचा होता. तीस वर्षांपूर्वी त्यांनी तो शोभनाला, चारचौघांत मारला होता. शब्दन् शब्द तोच.

केया येऊन त्यांच्याशेजारी बसली. अंगठी आता दोऱ्यानं तिच्या गळ्यात होती. पाय हलवत ती म्हणाली, "आजोबा, साताऱ्याच्या पोस्टात किती गर्दी होती नाही त्या दिवशी?"

मोरेश्वररावांच्या हातातला चहा विजारीवर सांडला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी संस्थेच्या चिटणीसांना एक पत्र लिहिलं होतं. त्यांच्या विभागात शुभा नावाची एक बाई होती, वयानं लहान, हुशार, आणि विभागप्रमुखपद तिच्याकडे जाणार असं ठरत होतं. पत्रात तिच्या चारित्र्याबद्दल तीन वाक्यं होती. तिन्ही खोटी. खाली सही होती, 'एक हितचिंतक'. पत्र बाहेरच्या मशीनवर स्वतःच टाइप केलं, साताऱ्याच्या पोस्टात जाऊन पेटीत टाकलं. शुभानं दोन महिन्यांत नोकरी सोडली. नंतर तिचं काय झालं, हे मोरेश्वररावांनी कुणालाही विचारलं नाही. ही गोष्ट शोभनालाही कधी कळली नव्हती.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

"घाबरू नका," केयानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो म्हणतो, तुमचा काही दोष नव्हता. त्याला स्वर्गातून खाली टाकलं, त्यात त्याचाही नव्हता. दोघांवरही अन्याय झाला."

"तो कोण?"

"असं काय करता? तुम्हीच नाही का त्याला खुर्ची दिलीत?"

६

दुसऱ्या दिवशी केया शाळेत गेल्यावर मोरेश्वरराव खाली उतरले. दिवे लावले. मूर्ती शेल्फवर, खुर्ची कोपऱ्यात, टेबलावर बॅट पडलेली. सगळं जिथल्या तिथे. पोरीनं कुणाचं तरी बोलणं ऐकलं असेल, असं मनाशी म्हणून पाहिलं. कुणाचं? जगात एकाच माणसाला ही गोष्ट माहीत होती आणि तो माणूस इथे पायजम्यात उभा होता.

खरं तर त्यांनी ती मूर्ती तेव्हाच उचलून बाहेर टाकायला हवी होती. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण अठ्ठावीस वर्षांत 'तुमचा दोष नव्हता' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते पुन्हा एकदा ऐकावंसं त्यांना वाटत होतं. म्हणून ते घडीची खुर्ची ओढून रिक्लायनरसमोर बसले. सगळ्या जगाला तुच्छ लेखणारा हा माणूस एका रिकाम्या खुर्चीपुढे विद्यार्थ्यासारखा बसला, आणि बोलला. शुभाबद्दल बोलला, कारकुनाबद्दल बोलला. समोरून शब्द येत नव्हते. पण दर वेळी आपलं बोलून झालं की उत्तर आधीच मिळालेलं असायचं, स्वतःच्याच आवाजात: तुम्ही काय वाईट केलंत? ती जागा तुमचीच होती. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, उलट हलकं वाटलं. असे ते सलग तीन दिवस दुपारी खाली गेले.

तोवर इकडे केया हातची जात होती. शाळेतून ईमेल आली. केयानं वर्गातल्या एका मुलीला सांगितलं होतं की त्या मुलीची आई कोणत्या वारी घर सोडून जाईल, आणि त्या वारी ती खरंच गेली. बसमध्ये तिच्याजवळ कुणी बसेना. इंग्रजी तिनं जवळजवळ सोडलंच. प्रतिमानं समजावायला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "प्रतिमा, तुला जमत नाही ते करायला जाऊ नकोस." आईला नावानं! आवाजाची ती धार मोरेश्वररावांची होती. प्रतिमा त्यांच्या खोलीत येऊन हुंदके देऊन रडली. "बाबा, माझी केया अशी नव्हती हो. काय होतंय तिला?"

मोरेश्वररावांना ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ उत्तर होतं आणि ते सांगायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी पावणेचारनंतर जाळीतून ते खाकरणं पुन्हा आलं. या वेळी ते जिना उतरून गेले. केया शेवटच्या पायरीवर बसली होती, वास लागू नये म्हणून अंगठी नाकाशी धरून. ती शेल्फवरच्या मूर्तीकडे बघत नव्हती. तिची नजर रिक्लायनरकडे होती, बसलेल्या माणसाचं डोकं जेवढ्या उंचीवर असेल तेवढ्यावर.

खुर्चीचं पायाखालचं फळकुट वर आलेलं होतं. गादी खोल दबलेली होती. पाठीचं कातडं दोन्ही बाजूंना, खांद्यांच्या मागे, रुंद दबलं होतं. मोरेश्वरराव बघत असताना फळकुट एका बाजूनं किंचित कललं, एका पायावर दुसरा पाय टाकल्यावर कलतं तसं. वडीलधारं माणूस आलंय म्हणून पाय खाली घ्यावेत, असं तिथे बसलेल्याला काही वाटलं नाही.

"केया, वर चल."

"आम्ही बोलतोय, आजोबा."

त्यांनी तिला बखोटीला धरून वर आणलं. तिचं वजन त्यांना पेलत नव्हतं, दम लागला होता, पण त्यांनी हात सोडला नाही.

७

शनिवारी सकाळी प्रतिमा आणि संग्राम बाजारहाटाला गेले. केयाला टीव्हीसमोर बसवून मोरेश्वरराव अंघोळ करून, सोवळं नेसून खाली उतरले. हातात तांदूळ आणि कुंकू. बोलावलं त्यानंच निरोप द्यायचा, एवढं तर्कशास्त्र त्यांना उरलं होतं.

सुमेधाकडे जे मंत्र त्यांनी जांभई दाबत म्हटले होते, ते आज त्यांनी एकेक अक्षर जपून म्हटले. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना कळत होता आणि प्रत्येक शब्द खरा व्हावा असं वाटत होतं. शेवटच्या श्लोकावर आले आणि जीभ आपोआप पुढे निघाली: इष्टकाम... आणि ते थबकले. पुढे 'पुनरागमनाय च' होतं.

दुसरा निरोप त्यांना येत नव्हता. वडिलांनी शिकवला नव्हता. वडिलांना कुणी शिकवला नव्हता. आलेल्याला 'परत येऊ नकोस' म्हणायची सोयच या साऱ्या पाठांतरात कुठे नव्हती. मोरेश्वररावांनी जीभ दाताखाली धरली. दही आणलं नव्हतंच. न बोलता अक्षता टाकल्या, मूर्ती हातानं ढकलली आणि साध्या मराठीत म्हणाले, "जा. माझं चुकलं. दोष माझाच होता, त्या पत्राचाही आणि याचाही. पोरीला सोड आणि जा."

मागे खटकन फळकुट खाली आलं. दबलेली गादी हळूहळू फुगत वर आली. पंप एकदा वाजला आणि थांबला. मोरेश्वरराव खालीच, गालिच्यावर बसून रडले.

दुपारी त्यांनी मूर्ती एका पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि संग्रामला म्हणाले, "नदीवर न्या मला, कारण विचारू नका." सासऱ्यांनी काही मागितल्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे संग्रामनं निमूट किल्ली घेतली. सायोटो नदीत, पुलावरून, पिशवीसकट ती गेली. डुबुक आवाज झाला, बस्स.

आणि काय सांगावं, घर निवळलं! रविवारी केया म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट पोळी. कॅन आय हॅव सीरिअल?" मोरेश्वररावांना उभ्या जन्मात इंग्रजी इतकं गोड लागलं नव्हतं. सोमवारी ती बसमधून उतरून सायकल चालवायला गेली, खाली गेली नाही. प्रतिमानं खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "गेला बाई एकदाचा वास!" सुमेधा शिरा घेऊन आली तर मोरेश्वररावांनी दोनदा मागून घेतला आणि छान झालाय म्हणाले. म्हणताना त्यांना जड गेलं, पण म्हणाले. शुभाला पत्र लिहायचं, या वेळी नाव घालून, असंही त्यांनी ठरवलं. पत्ता कुणाला विचारायचा याची यादीही केली.

बुधवारी दुपारी ते सोफ्यावर बसून ती यादी बघत होते. केया येऊन त्यांना टेकून बसली.

"आजोबा, यू फरगॉट समथिंग ऑन सॅटर्डे."

"काय गं?"

"आय वॉज ऑन द स्टेअर्स. यू डिडन्ट से द लास्ट पार्ट. अँड नो दही." ती त्यांची चूक सांभाळून घेतल्यासारखी हसली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, इट्स रूड. सो आय डिड इट. तुम्ही शूज घालायला गेलात तेव्हा. आय पुट दही इन हिज हँड. द वन विदाउट द स्नेक."

मोरेश्वररावांच्या हातातला कागद खाली पडला. "आणि? आणि म्हटलंस?"

"पुनरागमनाय च," केया म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होता.

"अंगठी," ते कसेबसे म्हणाले. "केया, अंगठी कुठाय तुझी?"

तिनं गळ्यातला रिकामा दोरा दाखवला. "टाकली. आता लागत नाही ती."

ती गुडघ्यांवर उठली, त्यांच्या खांद्यावर हात टाकून कानाशी आली. दोनदा खाकरली. मग म्हणाली, "हं."

चार वर्षांनी मोरेश्वररावांना पहिल्यांदा वास आला. गरम, कुजका, नाकातून थेट घशात उतरणारा. तो त्यांच्या नातीच्या तोंडातून येत होता.

"तुमचा काही दोष नव्हता, आजोबा," ती मायेनं म्हणाली. "बसू ना मी इथे?"